‘प्रभूने मला सांगितलं’ म्हणण्याआधीचे दहा महिने

गेल्या वर्षभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: देवाची इच्छा काय आहे ते तुला कळलं कसं? तिघांनाही फोनवर तुटक-तुटक काहीतरी सांगितलं आणि दर वेळी वाटलं, मुद्द्याचं राहूनच गेलं. म्हणून आता तारीखवार लिहून काढते. वही समोर आहे, त्यामुळे तारखांची तरी खात्री देते. बाकी ज्याला ‘कळणं’ म्हणतात तसं मला कळलं का, ते वाचून तुम्हीच ठरवा.

६ नोव्हेंबर २०२२, रविवार. उपासनेत बायबलमधल्या यशया या पुस्तकाचा सहावा अध्याय होता. ‘मी कोणाला पाठवू?’ हा देवाचा प्रश्न लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय की तो कानावरून निघून जातो. त्या दिवशी गेला नाही. छातीत धस्स झालं, डोळे भरून आले आणि प्रभुभोजन संपेपर्यंत माझं ठरूनही गेलं. हिशेब खात्यातली चौदा वर्षांची नोकरी सोडायची, दोन वर्षांचं निवासी ईश्वरज्ञानाचं शिक्षण घ्यायचं आणि पूर्णवेळ सेवेत उतरायचं. घरी आल्या आल्या नवऱ्याला म्हटलं, “प्रभू माझ्याशी बोलला.” तो पेपर वाचत होता. पेपर खाली ठेवून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “बरं. राजीनामा उद्याच द्यायचाय का?”

मला त्याचा राग आला. राजीनाम्याचा मसुदा त्याच रात्री लिहिला. पाठवला मात्र नाही, कारण सहामाही ताळेबंद अर्धवट पडला होता, आणि हिशेबनिसाच्या सवयी पाचारण (देवाचं बोलावणं) झालं म्हणून एका दिवसात सुटत नाहीत.

एक गोष्ट त्या दिवशी मी कोणालाच सांगितली नाही, स्वतःलासुद्धा धड नाही. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी मला बढती नाकारली होती. माझ्यानंतर सहा वर्षांनी लागलेल्या मुलाला ती मिळाली होती. हा भाग पुढे येईल.

१५ नोव्हेंबरला आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांची (धर्मगुरूंची) वेळ घेतली. मनात चित्र असं होतं की ते डोक्यावर हात ठेवतील, प्रार्थना करतील आणि म्हणतील, जा. प्रार्थना त्यांनी केली. मग खण उघडून विद्यालयाच्या प्रवेशअर्जाचा नमुना काढून दिला. अकरा पानं. “कागद जमवायला लागा, वेळ लागतो त्याला. तोवर एखाद्या जाणत्या माणसाशी नियमित बोलत राहा. आणि प्रभूने सांगितलं, असं तूर्त कोणाला सांगत फिरू नका.” तिसरी सूचना मला अजिबात रुचली नाही. म्हणजे यांचा माझ्यावर विश्वास नाही, असं वाटलं.

कागदांचं आधी सांगून टाकते, कारण पहिला तिढा तिथेच बसतो. बाप्तिस्म्याचा दाखला, पाळकांचं शिफारसपत्र, कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांचं दुसरं शिफारसपत्र, वैद्यकीय दाखला, शैक्षणिक प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती, विवाहित असाल तर जोडीदाराचं संमतीपत्र आणि दीड हजार शब्दांची लेखी साक्ष (आपल्या विश्वासाची हकिगत). यातला बाप्तिस्म्याचा दाखला सगळ्यात आधी मागवा. मी सगळ्यात शेवटी मागवला. ज्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला, तिथल्या नोंदवहीत माझ्या नावाचं एक अक्षर वेगळं निघालं. अर्ज, प्रतिज्ञापत्र, मंडळीच्या समितीची बैठक, बैठकीला गणसंख्या नाही म्हणून पुढची बैठक. एका अक्षरापायी सात आठवडे. त्या सात आठवड्यांत मी देवावर जेवढी चिडले तेवढी त्याआधी कधी चिडले नव्हते. तूच बोलावतोस आणि तूच कागद अडवतोस, ही काय रीत झाली?

याच काळात मला खुणा शोधायचं वेड लागलं. सकाळी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं आणि बोट ठेवायचं. पहिल्या दिवशी बोट पडलं १ इतिहासातल्या वंशावळीवर. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वंशावळीवर. तिसऱ्या दिवशी मी पुस्तक थोडं पुढून उघडलं. म्हणजे लबाडीच केली. कोणी म्हणेल, संत ऑगस्टिनला असंच पान उघडून उत्तर मिळालं होतं की. मिळालं होतं खरं, इसवी सन ३८६ मध्ये, मिलान शहरातल्या एका बागेत. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडला गेला. पण त्याआधी तो माणूस कित्येक वर्षं स्वतःशी झगडत होता, आणि त्या ओळीत त्याला जे सापडलं ते त्याला सोयीचं तर मुळीच नव्हतं. मी मात्र माझ्या सोयीचं वचन सापडेपर्यंत पानं उलटत होते.

मग बायबलमधल्या गिदोनाची लोकर आठवली; ती रात्री अंथरून त्याने देवाकडे खूण मागितली होती. शुक्रवारपर्यंत वरिष्ठांनी स्वतःहून मला बोलावलं तर जायचं, असं मी देवाशी ठरवलं. गुरुवारी त्यांनी बोलावलं. एका पावतीचा घोळ झाला होता. ही खूण धरायची की नाही? मी अट बदलली: ‘बढतीविषयी बोलले तर.’ मग पुन्हा बदलली. एका रात्री त्याची गोष्ट असलेला शास्ते या पुस्तकाचा सहावा अध्याय अख्खा वाचून काढला, तेव्हा ध्यानात आलं की लोकर अंथरण्याआधीच गिदोनाला काय करायचं ते स्पष्ट सांगितलेलं होतं. लोकर ही त्याच्या धाकधुकीची गोष्ट होती. देवाने ती दोन रात्री सांभाळून घेतली, ही देवाची माया. पण त्यावरून निर्णय घ्यायची रीत ठरवावी, असं त्या अध्यायात मला तरी कुठे दिसलं नाही.

डिसेंबरच्या प्रार्थना सभेत एका भावांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, “प्रभू या भगिनीला म्हणतो, जा, मागे वळून पाहू नकोस.” अंगावर काटा आला. घरी येईपर्यंत मी तरंगत होते. दुसऱ्या दिवशी कळलं, माझ्या अर्जाची बातमी त्यांच्या कानावर आधीच गेली होती. त्यांनी मुद्दाम काही केलं असं मी म्हणणार नाही. त्यांना मनापासून तसं वाटलंही असेल. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो: संदेश तुच्छ मानू नका आणि सगळ्याची पारख करा. आमच्याकडे अर्धी माणसं पहिलं वाक्य पाळतात, अर्धी दुसरं.

१२ जानेवारी २०२३ पासून मावशींकडे जायला लागले. मावशी म्हणजे आमच्या मंडळीतल्या निवृत्त परिचारिका. वय पंचाहत्तरच्या पुढे, एका कानाने कमी ऐकू येतं, आणि आत्मिक मार्गदर्शनाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. एक आड एक गुरुवार, पाऊण तास. मोबदला काही नाही. उशीर झाला तर मात्र वेळ वाढवून मिळत नसे. पाळकसाहेबांनीच नाव सुचवलं होतं. तुमच्याकडे असं कोणी नसेल तर पाळकांना थेट विचारा; अशी माणसं बहुधा असतात, फक्त ती स्वतःहून पुढे येत नाहीत. बायबलमधल्या लहान शमुवेलालासुद्धा रात्री हाक कोणाची हे समजलं नव्हतं. तीन वेळा तो म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडेच धावत गेला. आणि ज्याची नजर मंदावली होती, ज्याचं स्वतःचं घर धड नव्हतं, त्या एलीच्याच ध्यानात आलं की हाक देवाची आहे.

पहिल्याच भेटीत मी माझं पाचारण सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात काय झालं होतं गं?”

मी म्हटलं, काही नाही.

“काहीच नाही?”

मग बढतीचं सांगितलं. सांगताना आवाज फाटला. मला वाटलं, झालं, आता त्या म्हणणार की तुझं पाचारण खोटं. त्या म्हणाल्या, “रागातून देव बोलत नाही असं नाही. पण राग आणि देव दोघंही एकाच वेळी बोलत असतील तर कुणाचा आवाज मोठा असेल?” आणि एक वही करायला सांगितली.

वहीची रीत अगदी साधी. रोज रात्री दहा मिनिटं. दिवस सकाळपासून आठवायचा आणि दोनच गोष्टी लिहायच्या: आज जीव कशाने हलका झाला आणि कशाने जड झाला. कारणं द्यायची नाहीत, अर्थ लावायचा नाही. वाचायचीही नाही महिनाभर. ही पद्धत इग्नेशियस लोयोला यांच्याकडून आली, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी जरा बिचकले. आम्ही प्रॉटेस्टंट घरातले, आणि हे तर कॅथलिक येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक. मावशी हसल्या. “पाय मोडलेल्या माणसाला देव काय शिकवतो ते ऐकायला पंथ कशाला आडवा येतो?”

ती गोष्ट मला इतकी उपयोगी पडली की इथे सांगतेच. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियसचा पाय मोडला. महिनोन्‌महिने अंथरुणात. वाचायला त्याला शौर्यकथा हव्या होत्या. घरात होतं ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. तो पडल्या पडल्या दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. एक, थोर घराण्यातल्या एका स्त्रीसाठी पराक्रम गाजवायची. दुसरी, संतांसारखं आयुष्य जगायची. रंगवताना दोन्ही सारखीच गोड लागायची. फरक नंतर पडायचा. पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं ठणठणीत, दुसऱ्यानंतर बराच वेळ प्रसन्न. पुढे त्याने यावरूनच मन पारखण्याचे नियम लिहिले. ज्या साधनापुस्तकात ते आहेत, त्याला पोप पॉल तिसरे यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. माझ्या कामाचं एवढंच होतं: विचार येताना कसा वाटतो ते बघू नकोस, गेल्यावर मागे काय ठेवून जातो ते बघ.

महिन्याने वही उघडली. रात्री झोपताना मी ज्या चित्रात रमत होते, म्हणजे निवासी विद्यालय, ग्रंथालय, व्यासपीठावरून बोलणारी मी आणि खालच्या रांगेत आमचे वरिष्ठ (हो, ते होते त्या चित्रात), त्याची दुसऱ्या दिवशीची नोंद बहुतेक वेळा ‘चिडचिड’ अशी होती. हलकं वाटल्याच्या नोंदी वेगळ्याच जागी होत्या. मुलीला गणित शिकवलं तेव्हा. आईचे केस विंचरले तेव्हा. आणि बुधवार. जवळजवळ प्रत्येक बुधवार.

मंडळीचा एक छोटा गट बुधवारी संध्याकाळी रुग्णालयात भेटीला जातो. मी चार वर्षं जात होते, पण त्याला कधी ‘सेवा’ म्हणावंसं वाटलं नव्हतं. तिथे मी करायचे काय? कोणाच्या उशाशी बसायचं, विचारलं तर स्तोत्र वाचायचं, नाही विचारलं तर गप्प बसायचं. पुष्कळदा नातेवाइकांना विम्याचे आणि बिलांचे अर्ज समजावून द्यायचे, कारण ते मला येतं. ज्या कामाला कंटाळून मी नोकरी सोडायला निघाले होते तेच काम, फक्त खाटेच्या कडेला बसून. हे वाचून मला आनंद बिनंद झाला नाही. निराशा झाली. देवाने एवढं मोठं बोलवायचं आणि दाखवायचं काय, तर अर्ज?

मावशींना म्हटलं, ही पद्धत चुकीची असावी.

मार्चमध्ये आईची तब्येत ढासळली. रात्री-अपरात्री उठणं, दिवसा कार्यालय, तिकडे वर्ष अखेरीचं काम. प्रार्थनेला बसले की शब्द सुचायचे नाहीत. वहीत सलग अकरा दिवस एकच ओळ आहे: ‘काही नाही.’ १९ मार्चला मी अर्ज मागे घ्यायचा ईमेल लिहिला आणि पाठवण्याआधी कसा कोण जाणे मावशींना फोन केला. त्यांनी आईची चौकशी केली, मी किती तास झोपले ते विचारलं, आणि मग म्हणाल्या, “अंधारात असताना उजेडातला निर्णय बदलू नये. हाही त्याच पाय मोडलेल्याचा नियम. ईमेल राहू दे तिथंच.” बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची आठवणही त्यांनीच करून दिली. रतामाच्या झुडपाखाली तो मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठ, खा, म्हणाला. तो जेवला, परत झोपला; पुन्हा उठवून पुन्हा जेवायला घातलं. होरेब डोंगरावर त्याला ऐकू आलेली देवाची ती मंद वाणी त्यानंतर चाळीस दिवसांनी. आम्ही मंद वाणीवर प्रवचनं ऐकतो, झोपेवर कोणी बोलत नाही. मी बहिणीला बोलावून घेतलं आणि दोन रात्री सलग झोपले. आत्मिक प्रगती म्हणाल तर मार्च महिन्यात एवढीच.

२१ ते २३ एप्रिल, तीन दिवसांचं मौन साधना शिबिर. एक दिवसाची रजा आणि साधारण एका दिवसाच्या पगाराइतकं शुल्क. फोन पहिल्याच संध्याकाळी जमा करून घेतात. घरी आधी सांगून ठेवा, आणि अडीनडीला तिथला कोणता क्रमांक लावायचा ते लिहून द्या. नाहीतर मौन राहतं बाजूला आणि जीव फोनपाशी. पहिला दिवस डोकेदुखीत गेला. दुसऱ्या दिवशी इतका कंटाळा आला की मी भिंतीवरच्या फरश्या मोजल्या. तिसऱ्या दिवशीही आकाशवाणी झाली नाही. पण परत येताना जाणवलं की गेल्या काही तासांत मी वरिष्ठांशी मनातल्या मनात भांडले नव्हते. सहा महिन्यांत पहिल्यांदा. रागाचा आवाज खाली आला होता. त्याजागी दुसरा कोणता आला होता असं नाही. नुसती शांतता होती, आणि त्या शांततेत ‘जायचंच’ हा हट्ट जरा सैल झाला होता.

मग माझा निर्णय पारखायला पाच जणांची बैठक. ही कल्पना मूळ क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची. सतराव्या शतकात ते लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी अशी बैठक घ्यायचे, पुढे इतर निर्णयांसाठीही घेऊ लागले. नियम असे: दोन तास, फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही, आपले अनुभव सांगायचे नाहीत, आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. मावशी, पाळकसाहेबांच्या पत्नी, कार्यालयातली एक मैत्रीण जी ख्रिस्ती नाही, मंडळीतले एक वडील (ज्येष्ठ पदाधिकारी) आणि माझी बहीण. नवऱ्याला मुद्दाम घेतलं नव्हतं. त्याच्याशी बोलणं वेगळं व्हायला हवं होतं. सगळ्यांना जमणारा दिवस निघाला शनिवार, २० मे. बरोबर तोच तोफगोळ्याचा दिवस. त्यातही खूण शोधायचा मोह झाला, आवरला.

मंडळीतल्या त्या वडिलांनी विसाव्या मिनिटाला नियम मोडला आणि सल्ला दिला. त्यांना थांबवावं लागलं. ते रुसले. बाकीचे प्रश्न चांगले होते, पण मला हलवलं ते त्या मैत्रिणीच्या प्रश्नाने. “तुला प्रवेश मिळालाच नाही, तर तू काय करायचं थांबवशील आणि काय चालू ठेवशील?” मी पटकन म्हणाले, “बुधवार चालू ठेवीन.” मग कोणीच काही बोललं नाही. बराच वेळ. त्या शांततेत मीच दिलेलं उत्तर मला ऐकू आलं.

ही बैठक करणार असाल तर एक माणूस तुमच्या विश्वासाच्या बाहेरचा जरूर घ्या. आमच्या ठरलेल्या शब्दांमागे त्याच्यापुढे लपता येत नाही.

आता नवऱ्याचं. संमतीपत्र त्याने डिसेंबरमध्येच सही करून दिलं होतं, पण तारखेची जागा मोकळी सोडून. मी विचारलं तर म्हणाला, “लागेल तेव्हा टाकू.” जूनमध्ये अर्ज पूर्ण करताना पुन्हा तो कागद समोर आला आणि त्या रात्री आम्ही पहाटे दोनपर्यंत बोललो. तो म्हणाला, “तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, प्रभू बोलला. त्यानंतर मी काय बोलणार होतो? मला भीती वाटते म्हटलं असतं तर ते तुझ्याविरुद्ध नाही, देवाविरुद्ध झालं असतं.” सात महिने तो माणूस एका पगारात घर, मुलीची शाळा, माझ्या आईचं औषधपाणी यांची बेरीज मनातल्या मनात करत होता आणि मला कळूही दिलं नाही. या सगळ्या प्रकरणात मला लाज कशाची वाटते, तर याची. पाळकसाहेबांची ती तिसरी सूचना मला त्या रात्री समजली. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमेतली मंडळी वाद घालून, सगळ्यांचं ऐकून मग लिहिते की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला हे योग्य वाटलं. ‘आणि आम्हाला.’ मी ते ‘आम्हाला’ पहिल्याच रविवारी खोडून टाकलं होतं. तेव्हापासून मी ‘मला वाटतं’ म्हणते. सगळ्यांना ऐकायला ते कमी आत्मिक वाटतं, वाटू दे.

तारीख त्याने त्याच रात्री टाकली.

११ जुलैला मुलाखत झाली. तिघं समोर, चाळीस मिनिटं. ‘पाचारण कसं झालं?’ या प्रश्नाला मी बढतीसकट उत्तर दिलं. एक सदस्य चष्म्यावरून बघत राहिले. मला खात्री होती की नाव कटलं. ९ ऑगस्टला पत्र आलं: प्रवेश मंजूर, ३१ ऑगस्टपर्यंत अनामत भरावी.

खरी पंचाईत इथे झाली. नकार आला असता तर ‘प्रभूने दार बंद केलं’ म्हणून मोकळी झाले असते. आता दार सताड उघडं. मंडळीत पेढे वाटल्यासारखा उत्साह. सगळे म्हणायला लागले, बघ, दार उघडलं! पण करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौल सांगतो की त्रोवस शहरात त्याच्यासाठी प्रभूमध्ये दार उघडलं होतं, तरी त्याचा सहकारी तीत भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती, आणि तो तिथून मासेदोनियाला निघून गेला. उघडलेल्या दारावरून पुढे गेला! हे वचन मला कोणी कधी ऐकवलं नव्हतं. आपले नारायण वामन टिळकही बघा. आगगाडीत सहप्रवाशाने हातात नवा करार ठेवला ते १८९३ साल, आणि बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला. त्यांच्यासारख्या उतावळ्या कवीलाही मधला काळ वाचनात, वादात आणि घालमेलीत काढावा लागला.

मावशींनी शेवटचा उपाय सांगितला. एक आठवडा ‘जाते’ असं ठरवून जगायचं, एक आठवडा ‘जात नाही’ असं ठरवून. कोणाला सांगायचं नाही, फक्त मनाने त्या निर्णयात राहायचं आणि वही लिहायची. १४ ते २० ऑगस्ट मी गेले. वसतिगृहाच्या सामानाची यादी केली, मुलीच्या शाळेचं वेळापत्रक लावलं. उत्साह होता, पण नोंदी वाचल्या तर प्रत्येक दिवशी कोणाला तरी काहीतरी दाखवून द्यायचं होतं. २१ ते २७ ऑगस्ट मी गेले नाही. पहिले दोन दिवस रडले. बुधवारी रुग्णालयात गेले. गुरुवारपासून नोंदींची वाक्यं लांब होत गेली, आणि त्यांत माझ्याऐवजी दुसऱ्यांची नावं यायला लागली.

२९ ऑगस्टला नकाराचं पत्र पाठवलं. शांतीचा महापूर वगैरे आला नाही. पोटात खड्डा पडला होता. मंडळीतले काही लोक महिनाभर माझ्याशी जपून बोलत होते, पडलेल्या माणसाशी बोलतात तसं. प्रार्थना सभेतले ते भाऊ म्हणाले, “मागे वळून पाहिलंस.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी चुकले असेन हे शक्य आहे. मावशी म्हणतात, चुकली असशील तर तो तुला नव्या पत्त्यावर शोधेल. त्याला बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही.

ऑक्टोबरपासून कार्यालयात आठवड्याचे चार दिवस मागून घेतले. पगार पाचवा हिस्सा कमी झाला. अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा, ज्याला बढती मिळाली होती त्याच मुलाने शिफारस लिहून दिली. बुधवार आता पूर्ण दिवस रुग्णालयात असतो. सकाळी वॉर्डात फिरते, दुपारी खालच्या मजल्यावर एका टेबलाशी बसते. नातेवाईक कागद घेऊन येतात. कोणी प्रार्थना करा म्हणतं, बहुतेक जण नाही म्हणत. वही चालू आहे. ‘काही नाही’ हे दिवस अजूनही येतात.

गेल्या बुधवारचे दोन अर्ज बाकी आहेत. एका आजोबांच्या नावाचं एक अक्षर विम्याच्या कागदावर वेगळं आहे. त्यांच्या सुनेला मी सांगितलं, प्रतिज्ञापत्र लागेल, आणि वेळ लागेल. ती माझ्यावर चिडली.